विहिणीचं सुतक

विहीणबाई, तुम्ही असतात तर पहिल्याच दिवशी मला दटावलं असतंत, "रिबकाबाई, ऊठ तिथून! गुडघे बघ तुझे. तुला कोणी सांगितलं खाली बसायला?" कोणीच सांगितलं नव्हतं. उलट सगळ्यांनी नको म्हणूनच सांगितलं. तरी वसईच्या तुमच्या त्या एका खोलीत, तुमच्याच सोफ्याला पाठ टेकून, सातही दिवस मी फरशीवर बसले. काल उठले. गुडघ्यांचं तुमचं म्हणणं खरं होतं.

आपल्या ज्यू लोकांत सात दिवस जमिनीवर बसून सुतक कोणी धरायचं हे ठरलेलं आहे. आईबाप, नवरा-बायको, भावंडं, मुलं. बस्स. इतक्या बारीकसारीक गोष्टींचे नियम झाले, पण विहीण गेली तर विहिणीने काय करायचं हे कोणाला सुचलंच नाही. विहिणीने रुसायचं, मानपान मागायचा, पंगतीत नाक मुरडायचं, एवढंच तिचं काम. रडणं तिच्या वाट्याला आलेलं नाही.

तुमची सोफी तिकडे इस्रायलमध्ये, अश्दोदला बसली होती. लढाई सुरू, विमानतळ बंद. माझा एली फोनवर म्हणाला, "आई, निघताच येत नाहीये. कोणालाच येत नाहीये." मागे सोफीचा नुसता श्वास ऐकू येत होता. सायरन वाजला की सुतकातल्या माणसालाही उठून त्या जाड भिंतींच्या खोलीत पळावं लागतं. तुमची एकुलती एक लेक, तिला तुमच्यासाठी धड जमिनीवर बसायलाही मिळालं नाही. मग इथे कोणी बसायचं होतं? तुमची ती बंद पडलेली शिलाई मशीन?

तुम्हाला आंघोळ मी घातली. आधी मी भायखळ्याला तुमच्या त्या ओळखीच्या म्हाताऱ्या गृहस्थांना फोन केला होता. तुमच्या बगदादी, म्हणजे बगदादकडून मुंबईत आलेल्या ज्यू लोकांपैकी माझ्याजवळ तेवढा एकच नंबर होता. विचारलं, तुमच्यात बाईला कसं न्हाऊ घालतात, काय म्हणतात, कोणत्या बाजूने सुरुवात करतात? ते म्हणाले, "ये सब हमारी औरतों को मालूम था." म्हटलं, मग त्यांच्यापैकी कोणाचा तरी नंबर द्या. ते म्हणाले, "कोई नहीं है, बेटी. कुछ लंडन गयीं, कुछ ऊपर."

म्हणून मी आमच्याच पद्धतीने घातली. कोमट पाणी, उजवा हात आधी, मग डावा. मदतीला शेजारची रेजिना होती, ती गिरीजची, ख्रिश्चन. तिला मी फक्त पाणी ओतायला सांगितलं. तुमच्या दंडावर देवीच्या लशीचा मोठा वण होता. इतक्या वर्षांत तो मी कधी पाहिला नव्हता, कारण तुम्ही कायम लांब बाह्यांचे झगे घालायचात आणि माझ्या बिनबाह्यांच्या पोलक्याकडे बघून डोळे वटारायचात. डोळ्यांवर येरुशलेमची माती ठेवली. त्या एकाच गोष्टीवरून आपलं कधी भांडण झालं नव्हतं. तिथली चिमूटभर माती तुमच्याही कपाटात होती आणि माझ्याही.

कबरस्तानात मात्र माझी फजिती झाली. मुंबईला तुमच्या यजमानांच्या शेजारची जागा तुम्ही धरून ठेवली होती, तिथेच नेलं. आमचे हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे दानिएलकाका, विरारहून आले होते. त्यांनी खिशातून छोटं पातं काढलं आणि विचारलं, "जवळचं कोण आहे?" जवळच्या माणसाच्या कपड्याला छातीपाशी चीर देतात, ती द्यायला. कोणी पुढे झालं नाही. मी पदर पुढे केला. काकांनी पातं मिटलं. हळूच म्हणाले, "रिबका, विहिणीचं फाडत नाहीत गं." त्यांचं चूक नव्हतं. मी पदर खांद्यावर घेतला. धडधाकट पदर घेऊन तुमच्या कबरीपाशी उभं राहायची मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

आणि ऐका, प्रार्थनेला दहा पुरुष लागतात ते सगळेच्या सगळे आमचे बेने इस्रायल, कोकणातले मराठी ज्यू होते. विरारचे, नालासोपाऱ्याचे, बाकीचे ठाण्याचे. ज्यांना तुमच्या आजोबांनी दहांत धरलंच नसतं तेच हे लोक. एके काळी तुमच्या लोकांना म्हणे आमच्या कबरी आणि तुमच्या कबरी यांच्यामध्ये भिंत हवी होती. हे तुम्हीच मला सांगितलं होतंत, आणि वर म्हणाला होतात, "अच्छा हुआ नहीं बनी, नाहीतर तुझ्याशी भांडायला मला भिंतीवर चढावं लागलं असतं." मला तिथे, माती पडत असताना, हेच आठवलं. हसू आणि रडू एकदम आलं. लोकांना वाटलं, ठसका लागला.

एली आणि सोफीचं ठरलं तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात. आल्या आल्या माझ्या सासूबाईंना "तू कशी आहेस?" म्हणालात. सासूबाई जागच्या जागी थिजल्या. तुमच्या भायखळ्याच्या मराठीत "तुम्ही" नव्हतंच. मी मनात म्हटलं, चला, ही आली लढायला. आणि लढलातच तुम्ही. मेंदीच्या रात्री माझ्या सुनेच्या गळ्यातले काळे मणी बघून विचारलंत, "हे काय? आपण ज्यू आहोत ना?" मी म्हटलं, "लेकीला मोकळ्या गळ्याने नांदायला पाठवता की काय?" तुम्ही म्हणालात, हे हिंदूंचं आहे. मी म्हटलं, "आणि तुम्ही तिच्या झग्याला आतून निळा मणी टाचलाय दृष्ट लागू नये म्हणून, तो कोणाचा? मोशेने आणला होता का डोंगरावरून?" तुमचे यजमान आणि माझे, दोघंही उठून गॅलरीत गेले. सोफीने शेवटी काळे मणीही घातले आणि निळाही ठेवला. पोर शहाणी. आपण मात्र तेवढ्यावर थांबलो नाही.

मलिद्यावरून तर किती वेळा जुंपली असेल! घरात काही चांगलं घडलं, नवस फेडायचा असला, की आम्ही एलियाहू हानाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिद्याचं तबक भरतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळं आणि हुंगायला सब्जाची काडी. तुम्ही कंबरेवर हात ठेवून म्हणायचात, "पोहे? देव नाश्ता करतो का?" मी सांगायचे, हानाबीचा रथ आमच्याकडे कोकणात, तिथल्या खंडाळा गावच्या खडकावर टेकला होता, चाकाची खूण आहे. तर तुम्ही म्हणालात, "रथ बगदादवरूनच गेला असणार. आम्ही चहापाण्याला थांबवलं नसतं? सीधा तुझ्या खडकावर?" आमचे वाडवडील तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने आम्हाला शनिवार तेली म्हटलं. तुम्ही ते ऐकून भुवया वर करायचात. तुमचे व्यापारी, पेढीवाले. मग मीही सुनवायचे, "व्यापाऱ्यांची लेक आता वसईत तेल्याच्या शेजारी राहते, आणि तेलही त्याच्याच घरून मागते."

तेल तुम्हाला लागायचंही फार. तुमचे ते अख्खे बटाटे, मंद आचेवर तासन् तास तळत ठेवलेले. बाहेरून लाकडासारखे, आत लोणी. आणि शुक्रवारी संध्याकाळी चुलीवर चढवून शनिवारी दुपारी उतरवायची ती भात भरलेली कोंबडी, तुमचं हमीन. मी चेष्टा करायचे की एवढ्या गॅसमध्ये आमच्या घरी लग्न होतं. पण शनिवारी दुपारी डबा आला नाही की एकीकडे "बरं झालं" म्हणत मी दारातून तीनदा डोकावायचे. हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मुद्दाम उशीर करायचात.

तिकडे अश्दोदला तुम्ही राहून आलात तेव्हाच काय ते थोड्या बदललात. परत आल्यावर चपला न काढता माझ्याकडे आलात आणि बोलतच सुटलात. सोफीच्या जिन्यात मोरोक्कोची बाई आहे, ती सणाच्या शेवटच्या रात्री दार सताड उघडं टाकते आणि येईल त्याला लोणी-मध लावलेली धिरडी खायला घालते. वरच्या मजल्यावर येमेनची म्हातारी, तिने नातीच्या मेंदीला डोक्यावर फुलांचा डोलाराच चढवला. इथिओपियाच्या कुटुंबाचा एक सणच असा आहे की तो बाकी कोणाला माहीत नाही, त्या दिवशी ते डोंगरावर चढतात. "रिबकाबाई, हर एक का अलग है. आणि हर एक को लगता है, आपलंच खरं." मी विचारलं, "मग कोणाचं खरं?" तुम्ही चपला काढल्यात, पाय वर घेऊन बसलात आणि म्हणालात, "हमारा." मग आपण दोघी खूप हसलो.

पण त्याच दिवशी जाताना, दारात, तुम्ही अगदी पडलेल्या आवाजात आणखी एक सांगितलंत. आपली नात नोआ तिच्या मैत्रिणीला म्हणाली होती, माझ्या दोन्ही आज्या इंडियन, दोघी सारख्याच. "सारख्याच म्हणाली," तुम्ही पुन्हा म्हणालात. मला तेव्हा ते इतकं लागलं नाही. आमच्यातले थोडे का होईना, लोक आहेत. ठाण्याला सिनेगॉग भरतं. "सारख्याच" म्हटल्यावर पुसलं जाणार होतं ते तुमचं, माझं नव्हे. आता कळतं, त्या दिवशी दारात तुम्ही इतका वेळ का रेंगाळलात.

माझे यजमान गेले तेव्हा तुम्ही काय केलंत ते मी कधी बोलून दाखवलं नाही. सातव्या दिवशी आमच्या घराण्यात ज्यारत करतात. दिवा लावतात, प्रार्थना होते, आणि गेलेल्याच्या नावाने तबक भरतात. आमची समजूत अशी की जीव तोवर घरातच घुटमळतो, त्याला रिकाम्या हाताने वाटेला लावायचं नाही. तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात. सब्जाची काडी हातात घेतलीत, हुंगलीत, आमच्यासारखाच आशीर्वाद म्हणालात. सगळा मलिदा खाल्लात, बशी बोटाने पुसून खाल्लीत. मी वाट बघत होते, आता काहीतरी बोलतील. काही बोलला नाहीत. महिन्याभराने कधीतरी म्हणालात, "खोबरं जरा जास्त होतं तुझं." विहीणबाई, त्या महिन्याभराच्या गप्प बसण्याबद्दल मी तुमची किती ऋणी आहे, हे तोंडावर सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही ते हसण्यावारी नेलं असतंत, म्हणून राहिलं.

आणि मग गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, डॉक्टरांकडून आल्यावर, तुम्ही मला वचनात अडकवलंत. चहा गार होत होता. म्हणालात, "मी गेले ना, तर माझ्या नावाने पोहे नाही भिजवायचे." मला वाटलं, चेष्टा. पण तुमचा चेहरा तसा नव्हता. "जिसपे मैं जिंदगीभर हँसी, ते मेल्यावर माझ्या डोक्याशी नको. आमचं वेगळं आहे. वेगळं राहू दे." मी विचारलं, "मग काय करू? तुमचं सांगा, तसं करते." तुम्ही सांगायला लागलात. तुमची आई एक गाणं म्हणायची, अरबी, मयताच्या घरी, बायका गोल बसून. तुम्ही पहिली ओळ म्हटलीत. दुसरी आठवेना. पुन्हा पहिली म्हटलीत. मग म्हणालात, "जाने दे. पण पोहे नाही. प्रॉमिस?" मी हो म्हटलं. डोळ्यांत पाणी होतं म्हणून पटकन हो म्हटलं. याचा अर्थ काय होईल, याचा विचार कुठे केला होता?

या सात दिवसांत मात्र दुसरं काही सुचलंच नाही. रेजिना पहिल्या दिवशी उकडलेली अंडी आणि मसुराची आमटी घेऊन आली. सुतकातलं पहिलं जेवण शेजाऱ्याकडचं असतं, हे तिला तुम्हीच कधीतरी सांगितलं होतं म्हणे. "खा ना आंटी, कालपासून काय खाल्लं नाय तुमी." मी खाल्लं, आणि मनात एकच घोळत होतं. तुम्ही उपाशी जाणार. माझ्या दृष्टीने हे असंच आहे विहीणबाई, त्याला मी काय करू? तुम्हाला ती अंधश्रद्धा वाटत होती, मला माझ्या आईने शिकवलेली माया वाटते. ज्या घरात मी इतक्या शनिवारी जेवले, त्या घरातून तुम्हाला एक घासही न देता पाठवायचं? तुमच्यावर मी चिडलेसुद्धा. मरतानाही वरचढ राहिलात. मलाच बांधून ठेवून गेलात. एक दिवस तर मी मोठ्याने म्हणाले, "माझ्यासाठी खाल्लंत ना बशी पुसून? मग मी तुमच्यासाठी का नाही भरायचं?" खोलीत कोणी नव्हतं. समोर तुमचा फोटो होता, त्यात तुम्ही नेहमीसारख्या दुसरीकडे बघत होतात.

काल सकाळी रेजिनाने गिरीजच्या त्यांच्या वाडीतून केळ्यांची फणी आणि एक नारळ आणून ठेवला. तिला वाटलं, लागेल. घरी जाऊन मी पोह्यांचा डबाही घेऊन आले. खरं सांगते, आणला. ओट्यावर ठेवला. झाकण काढलं. पातेलं धुऊन घेतलं. नळ सोडला की झालं, दोन मिनिटांचं काम. नळाखाली पातेलं धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. तुमच्या आईच्या गाण्याची ती पहिली ओळ मी आठवून बघत होते. मला ती येत नव्हती. चालही नाही. फक्त तुम्ही दुसऱ्या ओळीपाशी अडकलात तो चेहरा तेवढा दिसत होता. मग मी डब्याचं झाकण लावलं आणि डबा पिशवीत घालून दाराबाहेर ठेवला, म्हणजे पुन्हा हात जायला नको.

दानिएलकाका आले, बरोबर ठाण्याहून आलेली मंडळी होती. दिवा लावला. प्रार्थना झाली, तुमच्या नावाने कद्दिश, गेलेल्या माणसासाठी म्हणतात ते, झालं. फोनवर सोफी आणि एली होते, मध्येच आवाज तुटत होता. सगळं झाल्यावर काका इकडे तिकडे बघायला लागले. मी सगळ्यांपुढे केळी ठेवली आणि पाण्याचे ग्लास.

"तबक कुठाय?" काका म्हणाले.

"भरलं नाही."

"म्हणजे?" बरोबरच्या एक बाई म्हणाल्या, "अशी कोरडी ज्यारत? कोणी करत नाही गं अशी. डबा तर बाहेर दिसला मला पोह्यांचा. चल, मी भिजवते पटकन. नारळ आहेच."

त्या उठल्यासुद्धा. मी फरशीवरून उठायला बघत होते, पण पायाला मुंग्या आल्या होत्या. बसल्या बसल्याच त्यांची साडी धरली.

"नको. त्यांच्यात नाही."

"कोणाच्यात?"

"बगदादी लोकांच्यात. त्यांचं वेगळं आहे."

काका समजुतीच्या सुरात बोलायला लागले. माणूस चांगला आहे, मला दुखवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. "अगं, असेल वेगळं. पण आता कोण बघतंय? आपणच पुरलं, आपणच प्रार्थना केली. त्यांच्यातलं आता इथे उरलंय तरी कोण?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्या बाईंची साडी सोडली नाही.

"मी," म्हटलं. "मी उरलेय."